प्रार्थनेच्या खोलीत दादाचं भजन

हिंगोली, ९ डिसेंबर २०२४

तीर्थरूप विश्वंभरदादास शालूचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत न्हाई, म्हणून गोरेगावच्या जीपवाल्यापाशी ही चिठ्ठी देऊन राहिले. हरभऱ्यातलं वानर हाकलायला यांनी, म्हणजे तुझ्या पाव्हण्यांनी, बांधावरून उडी मारली. वानर बसलं तिथंच बसलं, यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन बराबर झालं. पण वॉकर धरून चला म्हटलं की भिंतीकडं तोंड करतात. डॉक्टर म्हणाले, आता उठले न्हाईत तर कायमचे खाटेला लागतील.

व्हरांड्याच्या टोकाला दवाखान्याची प्रार्थनेची खोली आहे. मूर्ती न्हाई, समई अन् खुर्च्या. ज्यानं त्यानं आपलं म्हणावं. शेजारच्या खाटेवरच्या कमलबाई तिथं बुद्धवंदना म्हणतात. नर्स यांना म्हणाली, निदान तिथवर चला. हे म्हणाले, देवाला माझा खाट नंबर ठाऊक आहे. दादा, मीच तिथं जाऊन रडून आले. काय करू?

माया आहेच, ती आटू देऊ नको.

तुझी शालू


गोरेगाव, ११ डिसेंबर

चि. शालूस अनेक आशीर्वाद.

रडू नको. उकंडराव देवासाठी उठणार न्हाईत, सुरासाठी उठतील. गावच्या भजनात दुसऱ्यानं तोंड उघडलं की त्यांच्या पोटात दुखतं. उद्या येऊन मी त्या खोलीत भजन म्हणतो. माझा आवाज मला ऐकू येत न्हाई, त्यामुळं मला तरी काही तकलीफ न्हाई. तुझी वहिनी विचारते, पेशंटांनी काय पाप केलं? तिकडं लक्ष देऊ नको. वॉकर खाटेला लावून ठेव.

तुझा दादा


हिंगोली, १४ डिसेंबर

ती. दादास सा. न.

तू डोळे मिटून गात होतास, म्हणून सांगते. पहिल्या ओळीला यांनी कानावर उशी घेतली. दुसरीला म्हणाले, हा माणूस काहून ओरडून राहिला? तिसरीला वॉकर धरला! घामानं निथळत, देवाच्या जागी तुझं नाव घेत व्हरांडा पार केला, अन् तुझ्या हातातले टाळ काढून घेतले.

तू जीप धरायला पळालास, पुढचं ऐक. हे तिथंच बसले. कमलबाई हळू आवाजात वंदना म्हणू लागल्या, तशी यांच्या डोळ्यांना धार लागली. मला म्हणाले, पाय टेकला की पुन्हा मोडंल अशी भीती होती, कुणाला सांगू? आज तर आपणहून गेले. बराच वेळ डोळे मिटून बसले. काय मागितलं विचारलं, तर म्हणाले, तुझ्या भावाचा घसा बसू दे.

रागावू नको. वहिनीला नमस्कार.

तुझी शालू


गोरेगाव, १६ डिसेंबर

चि. शालूस आशीर्वाद.

त्या खोलीचा गुण जबर आहे. म्हैस हाकेला येईना, तेव्हा कळलं की माझा घसा पार बसला. वहिनीनं आळीत साखर वाटली.

उकंडरावांना सांग, तुमी बसवला, आता तुमीच मोकळा करा. रोज त्या खोलीत जाऊन माझ्यासाठी प्रार्थना करायची, अन् ती पायी. घसा उद्या सुटला तरी महिनाभर मी त्यांना कळू देणार न्हाई. एवढी ओळ त्यांना वाचून दाखवू नको.

दोघांवर जीव आहे.

तुझा दादा