निळ्या चौकड्यांचा शर्ट

रविवार, रात्र

नंदगडहून निपाणीला परतताना गाडीत मुलांचा खेळ चाललेला. रस्त्यावरची विचित्र गोष्ट आधी कुणाला दिसते. हेल्मेट घातलेलं बुजगावणं झालं, फुटबॉलसारखी पाण्याची टाकी झाली. माझे वडील, आप्पाही खेळत होते. मधेच म्हणाले, "कंग्राळीवरनं चल गं. आण्णाचं नवं घर बघू."

आण्णाचं, म्हणजे माझ्या भावाचं घर अजून अर्धंच झालंय. ते होईपर्यंत म्हणून आप्पा माझ्याकडं. दृष्ट लागू नये म्हणून बांधकामावर गवत भरलेला माणूस टांगला होता. मुलं ओरडली, "दिसला!" त्याच्या अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट. चष्म्याच्या डबीनं सैल झालेला खिसासुद्धा मी ओळखला. परत गेल्यावर लागेल म्हणून आप्पांनी तो मुद्दाम आण्णाकडं ठेवलेला.

"माझाच की गं त्यो!" आप्पा हसले. मुलांनी त्यांनाच पहिला नंबर दिला. मीही हसले. का हसले? आण्णाला फोन करू? काय बोलणार, एका शर्टासाठी भांडू? पण तो खिसा...

आत्ता जेवताना आप्पांनी सहज विचारलं, "घर पुरं झालं की त्याला काढून टाकत्यात, न्हवं?"