फाटकाच्या आत

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

आलो एकदाचे. गाडीत उशी पाठीला हवी की पोटाशी, हे ठरवण्यातच मनीषची सकाळ गेली. पण पौड मागे पडलं, झाडांमधून धरणाचं पाणी दिसायला लागलं आणि त्याने स्वतःहून काच खाली केली. म्हणाला, भात कापलाय, वास बघ. पुण्यात सूसच्या फ्लॅटमध्ये गेले दोन महिने त्याला साध्या फोडणीचा वास सहन होत नव्हता. मी गाडी हळू केली.

घर फोटोत दिसलं होतं त्याहून चांगलं आहे. बैठं, लांबट, तीन बाजूंनी दगडी कुंपण आणि चौथ्या बाजूला पाणी. पुढच्या दोन खोल्या आमच्या. मागे मालकीणबाई राहतात, शारदाकाकू. सत्तरीच्या असतील, पण पाण्याची कळशी कमरेवर घेऊन ताठ चालतात. त्यांचे यजमान विठ्ठलराव बरीच वर्षं अंथरुणाला खिळून आहेत, असं ऑफिसातल्या जान्हवीने सांगितलं होतं. हे घर तिनेच शोधून दिलं. काकूंनी मनीषकडे नीट बघून घेतलं, मग म्हणाल्या, "हितं ऱ्हावा निवांत. हवा लई चांगली हाय. ह्यांनाबी हितंच मानवली."

संध्याकाळी ओट्यावर बसून आम्ही मऊ भात आणि मेतकूट खाल्लं. त्याने पुन्हा मागून घेतला.

ही वही जान्हवीचीच भेट. तिचं म्हणणं, आजारी माणसाचं सगळे विचारतात, तुझं तू लिहीत जा. आज लिहिण्यासारखं चांगलं काहीतरी आहे, म्हणून सुरुवात केली.

१४ नोव्हेंबर

बस्तान बसलं. रेंज फक्त गच्चीवर, पाण्याकडच्या कठड्याशी येते, तेव्हा ऑफिसच्या मीटिंगसाठी माझी खुर्ची तिथे. पौडहून जस्मीन येते. नर्स आहे, आमच्याहून लहान, कामात नीटनेटकी. एक दिवसाआड मनीषचं बीपी बघते, त्याच्या छातीत औषधासाठी बसवलेलं पोर्ट धुऊन देते. जाताना काकूंच्या दारावरून न जाता लांबून वळसा घालते. मी विचारलं, कुत्रा आहे का तिकडे? ती नुसती हसली.

तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा मनीषच्या आतड्यातली गाठ काढली, तेव्हा आमच्या घरात माणसं मावत नव्हती. अकोल्याहून सासूबाई, अंबाजोगाईहून माझा भाऊ, शेजाऱ्यांचे डबे, कुणाकुणाचे अंगारे. केमो संपली तेव्हा आम्ही सोसायटीत पेढे वाटले होते. या ऑगस्टमध्ये यकृतावर डाग दिसले, तर कुणाला फोन करून काय सांगायचं तेच मला कळेना. लोक आवाज खाली करून विचारतात. पेढ्यांचं कुणी बोलत नाही.

नव्या केमोने त्याचं तोंड आतून सोलून निघालं, अंग सोसेना, म्हणून डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस थांबू. म्हणताना ते स्क्रीनकडे बघत होते. घरी येताना मनीषने विचारलं, थांबू म्हणजे काय गं? मी म्हटलं, थांबू म्हणजे थांबू.

२३ नोव्हेंबर

त्याचे डोळे पिवळे झालेत. जेवण परत कमी झालं. पण झोपून राहत नाही, ओट्यावर बसतो, माझ्याशी पत्ते खेळतो, हरला की चिडतो. मला आणखी काय हवं?

जस्मीनचं बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र आज आकडा दाखवेना. तिने सेल बदलले. माझ्या बोटाला लावलं, माझा आकडा आला. त्याच्या बोटाला परत नुसत्या रेघा. हात गार आहेत म्हणून असेल, असं ती म्हणाली आणि तेच दोनदा म्हणाली.

दुपारी भिंतीपलीकडून आवाज येतो. ओल्या फडक्यातून कुणी श्वास ओढत असावं तसा. विठ्ठलराव असणार. काकू त्यांच्याशी बोलत असतात, भाजी काय केली, कोण रस्त्याने गेलं. इतक्या मायेने की मलाच बरं वाटतं.

२ डिसेंबर

आज पुण्याला स्कॅन होतं.

फाटकातून बाहेर पडलो. विजेच्या खांबाशीही पोहोचलो नसू, मनीषची मान छातीवर पडली. ओठ निळे. नाडी लागेना. मी हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या. फोनला रेंज नाही, म्हणून तशीच रिव्हर्समध्ये गाडी मागे घेतली. गाडी फाटकाच्या आत आली आणि पाण्यातून डोकं वर काढावं तसा त्याने श्वास घेतला.

शारदाकाकू फुलझाडांना पाणी घालत होत्या. धावत आल्या नाहीत. म्हणाल्या, "भाईर न्हेऊ नका त्यांना. म्या सांगनारच व्हते."

डॉक्टरांना फोन केला. अॅम्ब्युलन्सने ताबडतोब आणा म्हणाले. मी हो म्हटलं आणि गच्चीवर उभी राहिले. वाटेत पुन्हा तसंच झालं तर? गाडी मागे घेणारं तिथे कोण असेल? अॅम्ब्युलन्स बोलावली नाही.

६ डिसेंबर

परवा जस्मीनने रक्त घेऊन लॅबमध्ये दिलं होतं. आज आम्ही गच्चीवर उन्हाला बसलो होतो, तेव्हा तिथून फोन आला. बोलणारी बाई अडखळत होती. नमुना कधी घेतला, कुणी घेतला, असं विचारत राहिली. शेवटी म्हणाली, मॅडम, राग मानू नका, पेशंट गेल्यानंतर घेतलाय का?

मी म्हटलं, तो माझ्यासमोर बसून चहा पितोय. खरंच पीत होता, बशीत ओतून.

कुणाचा फोन, असं त्याने विचारलं. क्रेडिट कार्डवाल्यांचा, म्हटलं.

९ डिसेंबर

मी स्वतःच मागच्या दारी गेले. काकूंनी अडवलं नाही. उलट हात धरून आत नेलं, पाहुणीला नेतात तसं.

विठ्ठलरावांनाही मनीषसारखंच. पोटातलं. डॉक्टरांनी महिनाभराची मुदत दिली होती, त्याला अकरा वर्षं झाली. हॉस्पिटलात न्यायला निघाले तर फाटकाशी त्यांचा श्वास गेला, परत आणलं तर आला. "फाटकाच्या आत मानूस मरत न्हाई," काकू म्हणाल्या. "कसं ते मला ठावं न्हाई. म्या पुन्हा भाईर न्हेलंच न्हाई. का न्हेऊ?"

काकूंनी पांघरूण काढलं.

गादीवर माणूस थोडा होता. दोन हात, वाळलेले. व्यवस्थित भांग पाडलेलं डोकं. बाकीचं सगळं ती गाठ होती. तिच्यावरची कातडी ताणून चकचकीत झाली होती, काकूंनी तिला तेल लावलं होतं. आणि ती श्वास घेत होती. भिंतीतून मला ऐकू यायचा तो आवाज त्यांच्या नाकातला नव्हता.

त्यांचे डोळे उघडे होते. माझ्याकडे बघून ते ओठ हलवत होते, एकच शब्द, परत परत. काकू म्हणाल्या, पाणी मागत्यात. ते पाणी मागत नव्हते. भाईर, भाईर म्हणत होते.

निघताना काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "आता तुमी आलाव. मला सोबत झाली."

१३ डिसेंबर

जस्मीन यापुढे येणार नाही. पोर्ट धुताना तिच्या सिरिंजमध्ये काळं काहीतरी आलं. फाटकाबाहेर उभी राहून ती मला म्हणाली, "ताई, त्यांना जाऊ द्या. मी बघते ना, त्यांना लई त्रास होतोय." मी तिच्या तोंडावर फाटक लावलं.

मनीषला सगळं कळलंय. रक्ताचं मी सांगितलं नव्हतं, पण तो मूर्ख नाही. शिवाय भिंत त्यालाही ऐकू येते. आज पत्ते पिसता पिसता म्हणाला, "जुई, मला फाटकाबाहेर ने."

"कशाला?"

"तुला माहितीये कशाला."

मी म्हटलं, आज नको, आईंशी एकदा बोल, मग बघू. त्याला धरून गच्चीवर नेलं, तो बोलला आईशी. खूप वेळ बोलला, हसला सुद्धा. फोन ठेवला आणि माझ्याकडे बघत बसला. मी खाली स्वयंपाकघरात निघून गेले.

२० डिसेंबर

दुखण्यावरचे पॅच लावते. दुप्पट लावते. उपयोग नाही. तो ओरडत नाही, उशीची कड चावतो.

पोटाच्या उजव्या बाजूला फुगवटा आला आहे. माझ्या मुठीएवढा.

सासूबाईंना यायचंय. म्हटलं, इन्फेक्शनची भीती आहे, आत्ता नको. डॉक्टरांचे फोन घेत नाही. जान्हवीला लिहिलं, मजेत आहोत.

रोज सकाळी विचारतो. रोज सांगते, उद्या.

२५ डिसेंबर

मी गच्चीवर मीटिंगमध्ये होते. खाली बघितलं तर तो अंगणात. पालथा. कोपरांवर फरफटत, फाटकाच्या दिशेने. मागे मातीत ओला पट्टा उमटलेला.

लॅपटॉप तसाच टाकून धावले. काखेत हात घालून मागे ओढलं. त्याने माझ्या हाताला नखं लावली. मनीषने. मला.

काकूंनी पाय धरले. दोघींनी मिळून उचलून आणला.

फाटकाला कुलूप घातलंय. किल्ली माझ्या गळ्यात.

३१ डिसेंबर

आता तो विचारत नाही. बोलतच नाही.

गाठ पपईएवढी. तिला हात लावला की गरम लागते. तो मात्र गार. पायांपासून गार.

माझं चुकतंय. मला माहीत आहे. पण फाटकाबाहेर तो नाही. इथे आहे. कसाही का असेना, खोलीत आले की आहे. बाहेर नेलं की मी कुणाच्या खोलीत —

काकू म्हणाल्या, सवय व्हईल.

४ जानेवारी

भिंतीच्या या बाजूनेही तो आवाज यायला लागला.

मनीषचा हात स्वतःच्या तोंडावर दाबलेला. त्याचा श्वास नव्हे तो. दोघांनाही ऐकू येत होता. आम्ही एकमेकांकडे बघत होतो आणि —

नाही लिहिता येत.

८ जानेवारी

नेलं. आज नेलं.

सकाळी त्याचे पाय धुतले. निळा शर्ट घातला, बटणं लागली नाहीत. चादरीत गुंडाळून गाडीत ठेवला. काकू आडव्या आल्या, बोनेटवर हात टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "एकटी पडशील गं." मी हॉर्न दाबून धरला. त्या बाजूला झाल्या.

कुलूप काढलं. गाडी बाहेर काढली. मनीषने माझा हात धरला. इतक्या दिवसांनी. हसला. पूर्वीसारखा, एका बाजूने. म्हणाला, "थँक यू." मग बोटं सैल पडायला लागली. डोळे वर —

मी रिव्हर्स टाकला.

मी टाकला. कुणी सांगितलं नव्हतं. फाटक उघडं होतं, रस्ता मोकळा होता.

आत आल्यावर त्याने डोळे उघडले. कुठे आहोत ते बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. तसं माझ्याकडे आजवर कुणी —

१० जानेवारी

भिंतीकडे तोंड. वळत नाही.

मी गाठीवर हात ठेवला की आवाज थांबतो. काढला की सुरू. मी ठेवते. दिवसभर ठेवते. ऑफिसचं कळवलेलं नाही.

गाडीची किल्ली पाण्यात टाकली.

११ जानेवारी

काकूंनी पेज करून दिली. भरवलं नाही तर कसं चालेल, म्हणाल्या.

तो घेत नाही. ओठ घट्ट मिटलेले. मी चमचा धरून बसले. म्हटलं, थोडंसं. माझ्यासाठी.

नाही.

पांघरूण हललं. मला वाटलं, वळतोय माझ्याकडे. म्हटलं, शहाणा माझा. पांघरूण काढलं.

तो वळला नव्हता. तोंड भिंतीकडेच. मिटलेलं. रडत होता.

चमचा माझ्या हातात, गाठीजवळ. रिकामा. कुणीतरी चाटूनपुसून —

त्याचं तोंड मिटलेलंच आहे. उघडलंय ते