मुळ्याचं तेज

मार्गशीर्ष शु. ६, शके १८१५

खस् खस् खस्. पहाटे अर्धवट जाग, आणि हा आवाज. क्षणभर वाटलं, गावच्या विहिरीवर आई बसली आहे, नारळाची शेंडी नि चिंच घेऊन पितळी भांडी घासते आहे. लहानपणी त्या तालावर श्लोक पाठ करायचो. घासणं थांबलं की पुढची ओळ विसरायचो. डोळे उघडले तर गिरगावातली खोली, नि मोरीत आमची सूनबाई. आई जाऊन किती वर्षं झाली! आवाज मात्र तोच.

आज चंपाषष्ठी. चातुर्मासानंतर पहिलं वांगं. चिरलेली फोड बघता बघता काळी पडली, पण जिथे लिंबाचा थेंब उडाला होता तिथे पांढरीच. का बरं? हवेशी झुंजणारं काहीतरी लिंबात असणार. दिवसभर तेच डोक्यात.

शु. ११

भाचा दत्तू आला. दवाखान्यात कंपाउंडर आहे. वांग्याचं सांगितलं, हसला नाही. विहिरीत टाकतात ती जांभळी पूड, परमँगनेट, पुडीत बांधून घेऊनच आला होता. मागे मीच मागितली होती पाण्यासाठी. म्हणाला, "मामा, ही पाण्यात विरघळवा. भाजीचा रस फडक्यातून गाळा, पाणी घालून पातळ करा, नि त्यात हे लाल पाणी थेंब थेंब सोडा. रस रंग खाऊन टाकतो. जितके थेंब खाईल तितकी त्याची हवेशी झुंजायची ताकद." एक काचेची नळीही देऊन गेला.

आवळ्यानं तर कमाल केली. खातोय, खातोय, रंग टिकूच देईना! काकडी लगेच दमली. या ताकदीला मी नाव ठेवलं, तेज. शाळेतली मास्तरकी सुटल्यापासून इतका आनंद झाला नव्हता.

पौर्णिमा

आज चाळीच्या गॅलरीत माझा वर्गच भरला.

येसू म्हणून एक बाई परळहून भाजीची पाटी घेऊन येते. तिची वाडी गिरण्यांच्या धुराड्यांखाली. शेजारच्या गंगूबाईंना तिच्या मुळ्याला धुराचा वास येतो. "मास्तर, ते तुमचं लाल पाणी काय म्हणतं बघा की एकदा!" बसलो मांडी ठोकून. बाजारचा मुळा सूनबाईच्या पितळी वाटीत. येसूचा माझ्या चहाच्या चिनी कपात, म्हणजे कुठला कुणाचा हा घोळ नको. (कप सोवळ्यात चालत नाही. मीच विसळतो नि खिडकीत ठेवतो.)

वाटीनं थेंबामागून थेंब गिळले. कपातला रस दोन-चार थेंबांतच गुलाबी होऊन बसला. बायका "अगो बाई!" म्हणाल्या. मला तर स्फुरणच चढलं:

गिरणीच्या धुराखाली मुळा वाढे पांढरा,
रंग त्याला, रूप त्याला, जीव नाही पण खरा!

पोरांनी तिथल्या तिथे पाठ केलं. चाल मीच लावून दिली.

व. ४

येसू आली. जिन्यापासून पोरं मागे लागली, "जीव नाही पण खरा." माझ्या दारात पाटी उतरवून म्हणाली, "काय वो मास्तर, माज्या मुल्यात काय खोट हाय?"

मी गंभीरपणे सांगितलं, पाण्याचा दोष असेल. धूर पाण्यात उतरत असेल.

"पानी तर आमी गिरनीमागच्या तल्याचंच घालतो. कायमचं."

"तेच ते."

 कुणी काही घेतलं नाही. पाटी तश्शी उचलून गेली. सूनबाई म्हणते, तिचा नवरा अंथरुणाला खिळलाय, घर त्या पाटीवरच चालतं. वाईट वाटलं. पण खरं ते खरं.

व. १०

येसू फिरकली नाही. पोरं कवितेवर टिपऱ्या खेळतात. आपली ओळ दुसऱ्याच्या तोंडी ऐकणं, काय सुख!

अमावास्या

वरच्या सगळ्यावर काट मारावीशी वाटते.

सकाळी सूनबाईला तो जांभळा रंग नीट दाखवावा म्हणून पितळी वाटीत नुसतं पाणी घेतलं. एक थेंब सोडला. गेला! दुसरा. गेला! वाटीत मुळा नाही, आवळा नाही, काही नाही. कपात पाणी घेऊन सोडला, तर जसाच्या तसा.

मोरीतून आवाज येत होता. खस् खस्.

वाटी उचलून जिभेला लावली. आंबट.

घासताना वाटीला राहिलेली चिंच थेंब खात होती. आणि तो चिनी कप, त्याला चिंच कधी लागतच नाही. बाजारचा मुळा कपात घालून पाहिला. तोही दोन-चार थेंबांतच दमला.

नुसतं पाणी आधी का नाही बघितलं? एवढं तरी

पौष शु. २

सूनबाईला सांगितलं. भाकरी थापायची थांबली. "मामंजी, मग गॅलरीत सांगा."

"सांगेन."

"कधी? भोगी आलीच. दरवर्षी भोगीला तिची अख्खी पाटी आपल्या चाळीतच संपते."

दुपारी क्षमेची एक आर्या रचली. छान उतरली. पुन्हा पुन्हा वाचली. वाचताना चेहऱ्यावर हसू होतं, ते आरशात दिसलं. फाडून टाकली.

शु. ४

गॅलरीत गेलो. बायका तीळ निवडत होत्या. तोंड उघडलं नि बाहेर काय पडलं? "उद्या येसू आली तर घ्या हो तिच्याकडून."

गंगूबाई म्हणाल्या, "अहो मास्तर, तुम्हीच तर जीव नाही म्हणालात!"

"गरीब आहे बिचारी," मी म्हणालो.

गरीब! तिला भीक घाला म्हणून सांगून आलो. माझी चूक सांगितलीच नाही. शाळेत उत्तर चुकलं की पोरांना बाकावर उभं करायचो, सगळ्यांना दिसेल असं. आणि मी? भिंतीला धरून आत आलो. सूनबाईनं सगळं ऐकलं. पान वाढलं नि मोरीत निघून गेली.

शु. ५, भोगी

सूनबाई बाजारातून भाजी घेऊन आली. पिशवी जरा जोरातच ठेवली. तिळाच्या भाकरीचा वास सुटलाय. ठरवलंय, जेवणाआधी परळला जायचं. वाडी शोधायची. तिथे काय बोलायचं ते

जिन्यात पोरं ओरडताहेत. "रंग त्याला, रूप त्याला." माझीच चाल. आवाज वर येतोय. पोरं कुणाच्या तरी मागून येताहेत.

येसू. दारात. पाटी नाही, हातात एकच मुळा, माती धुतलेला, पाल्यासकट. सूनबाई बसा म्हणाली, बसली नाही.

"मास्तर, तुमी म्हनलात तवापासून तल्याचं पानी बंद केलं. लांबच्या हिरीचं गोडं पानी डोक्यावरनं वाहून घातलं. मान गेली पार. ह्यो बगा. आता मोजा. समद्यांसमोर मोजा."

गंगूबाई, पोरं, सगळी चाळ तिच्या मागे दाटली आहे. आता वही पालथी घालून उठायचं. खिडकीत कप आहे. फळीवर पितळी वाटी आहे, सकाळीच घासलेली, लखलखीत. वाटी घेतली तर तिची पाटी उद्यापासून पुन्हा या चाळीतच संपेल, नि कुणाला काही कळायचं

सूनबाई माझ्या हाताकडे बघते आहे.