शरदचं अवांतर

निपाणी, जून १९३६

तीर्थस्वरूप दाजींच्या पायांवर डोकं, आणि आक्काच्या पायांवर त्याच्याही आधी (हे पत्र ती तुमच्या खांद्यावरून वाचणार, हे मला ठाऊक आहे). इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे हिंडतेफिरते आहेत. तुमचा दमा कसा आहे? धारवाडच्या पावसानं वाढला असेल तर आक्काकडून काढा करून घ्यावा, पण सोमवारच्या आत बरं व्हावं. का ते पुढं येईलच.

दाजी, मला एक सांगा, शाळा कशासाठी असते? अभ्यासासाठी. मग आजपर्यंत मी माझ्या शरदला काय वेगळं शिकवलं? गल्लीतली पोरं विटीदांडू घेऊन बोंबलत असायची तेव्हा हा खिडकीकडं पाठ करून भूमिती घोकायचा (खिडकीही मीच लावून घेत असे). जत्रेला नेलं नाही, तमाशाच्या वाटेनं फिरकू दिलं नाही, पतंग तर त्यानं दुसऱ्यांचेच पाहिले, तेही तुटलेले. आणि संक्रांतीच्या सुमाराला हेडमास्तर मला वखारीत येऊन, माझ्याच तंबाखूची चिमूट दाढेला धरून सांगतात, की मारुतीराव, कॉलेजात आता नुसते मार्क बघत नाहीत, अवांतर बघतात. अवांतर म्हणजे काय, तर अभ्यासाखेरीजचं: खेळ, व्यायाम, गाणं, नाटक. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्यापायी इतकी वर्षं पोराच्या पाठीत धपाटे घातले, तेच आता कॉलेजला हवं! मग हे आधी सांगायला काय झालं होतं? धपाटे तरी वाचले असते.

पण पोराचं कॉलेज बुडता कामा नये. आपल्या घराण्यात तंबाखूच्या बोदांवर, गठ्ठ्यांवर बसून सगळ्यांनी जन्म काढला, हा एकटा तरी खुर्चीवर बसावा, एवढीच माझी इच्छा. तेव्हा मी अवांतराला हात घातला. आधी तालीम. वस्ताद मष्णू म्हणजे अख्ख्या निपाणीत ज्याच्या वाटेला कुणी जात नाही असा गडी. पहिल्याच दिवशी आमचे चिरंजीव त्याच्या अंगावर असे काही कोसळले, की वस्तादाचं मनगट सुजून भोपळा झालं आणि शरदला खरचटलंसुद्धा नाही. (वस्ताद आता मला रस्त्यात दिसला की डाव्या हातानं रामराम करतो, तोही रागानं.)

मग नाटक. शाळेच्या संमेलनात शरदला राणीचं काम मिळालं. त्याच्या आईनं स्वतःचा लग्नातला शालू काढून दिला, जो तिनं आक्कालाही कधी नेसू दिला नव्हता (आक्का, हे तू वाचतेस ना?). दुसऱ्या अंकात राणी रुसून निघाली, शालूत पाय अडकला, आधारासाठी तिनं राजा धरला, राजानं पडदा धरला, आणि पुढच्या रांगेतल्या मामलेदारसाहेबांवर सगळं राज्य आलं. शालू फाटला. शरदच्या आईनं त्या दिवसापासून मला भाकरी वाढायची ती ताटात टाकून वाढायला सुरुवात केली आहे.

शेवटी पेटी. तुमची जुनी पेटी मी दिवाळीत पोत्यांच्या गाडीतून आणवली होती, ती काढली. शरद वाजवायला बसला की शेजारच्या गुणाबाईंची म्हैस पान्हा चोरायची. गुणाबाई रोज दारात येऊन विचारायच्या, "मारुतीराव, कुनाचं काय वाईट झालंय व्हय?" तरी मी सोडलं नाही. भाता कसा मारायचा, बोटं कशी टाकायची, हे मीच बसून त्याला दाखवत राहिलो.

इतकं केल्यावर गेल्या आठवड्यात आम्ही धारवाडच्या कॉलेजात आलो. (तुमच्याकडं उतरलो नाही म्हणून आक्का रागावली असेल. मी त्या वेळी कुणालाही तोंड दाखवायच्या स्थितीत नव्हतो.) प्रिन्सिपॉलसाहेब कानडी, भला माणूस. मी मनात म्हटलं, आपणही काही कमी नाही, चिकोडीच्या बाजारात माझी कानडी ऐकून शेतकरी भाव पाडतात. साहेबांनी विचारलं, मुलगा अभ्यासाखेरीज काय करतो? मी छाती काढून कानडीत सांगितलं, "भाळ अवांतर माड्यानरी!" म्हणजे अवांतर भरपूर केलंय. साहेबांनी चष्मा काढला. कसलं, म्हणून विचारलं. मी वस्तादाचं मनगट सांगितलं, पडदा सांगितला, म्हैस सांगितली. त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, घरात याला कुणी आवरत नाही का? मी म्हटलं, आवरतोय कशाला साहेब, मीच सगळं करवून घेतलंय. साहेब उठून उभे राहिले आणि विचार करून कळवतो म्हणाले.

परतीच्या गाडीत लोंढा आलं तरी शरद खिडकीतून बाहेरच बघत होता. मग म्हणाला, "आप्पा, कानडीत अवांतर म्हंजे घोटाळा. सत्यानाश." मी विचारलं, तुला कुणी शिकवलं? तर म्हणे तालमीतल्या संकेश्वरच्या पोरांनी, वस्तादाचं मनगट गेलं तेव्हा सगळी "अवांतर आतरी!", म्हणजे घोटाळा झाला, म्हणून ओरडत होती. मग गाढवा, तिथंच का नाही बोललास? तर म्हणाला, "मोठी मान्सं बोलताना मधी तोंड घालायचं न्हाय, असं तुम्हीच सांगितलंय की."

दाजी, मला रडावं की ओरडावं कळेना. पोराच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला ते बघवलं नाही.

आक्काला साष्टांग. मुलांना पापे.

आपला मेहुणा,
मारुती

ता. क. सोमवारी साहेब निकाल देणार आहेत. तुम्ही कोर्टातले, तुमची कानडी चोख. दम लागत असला तरी टांगा करून जा आणि दोन भाषांमधली ही गफलत त्यांना समजावून सांगा. पोरगं गुणी आहे, त्याचं वर्ष जाऊ देऊ नका.

ता. क. दुसरा. पेटी परत मागू नये. शरद तिला शिवतही नाही, पण माझा भात्यावरचा हात आता बसला आहे. वखार संध्याकाळी लवकर बंद करतो. गुणाबाईंनी म्हैस भावाकडं नेऊन बांधली आहे आणि शरदची आई माझ्याशी बोलत नाही. तेव्हा साहेबांना एवढंच सांगा, की या घरात अवांतर करणारा मुलगा नव्हे, बाप आहे. मराठीत सांगा नाहीतर कानडीत सांगा, दोन्हीकडं खरंच आहे.