बॅटरी असेल तर

३ फेब्रुवारी

मी, वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय चौपन्न, लिफ्टचे नियंत्रक बनवणाऱ्या कारखान्यात हिशेबासाठी लागलो आणि प्रोग्रॅम लिहिण्यात अडकलो, तो आजतागायत. हे लिहिण्याचा हेतू एकच – आईला खाली अंगणात नेणे. दोन वर्षांपूर्वी वीज गेली आणि ती लिफ्टमध्ये तासभर अडकली. बरोबर पाचव्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर होते. त्यानंतर तिने चौथा मजला सोडलेला नाही. लिफ्ट आमच्याच कारखान्याची – हे आणखी बोचते.

आज इमारतीने बॅटरी बसवून घेतली. चाचणीसाठी मेन स्विच बंद केला. लिफ्टमधला दिवा लागलेलाच राहिला, आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेली!

"साहेब, बॅटरी ठणठणीत आहे," मेकॅनिक म्हणाला. "तुमची लिफ्टच आळशी."

५ फेब्रुवारी

कारण सापडले. वीज गेल्यावर काय करायचे, तो भाग मी मॅक्रो म्हणून लिहिलेला आहे – ओळींचा एक गठ्ठा, एकदा लिहायचा आणि हवा तिथे नावाने बोलवायचा. त्यात अट आहे : बॅटरी असेल तर सावकाश जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणाऱ्या ओळी घाल, नसेल तर गाळ. मेकॅनिकची समजूत अशी की ही अट लिफ्ट वाचते.

लिफ्ट वाचत नाही. अट वाचतो असेंबलर, माझ्या टेबलावरच्या संगणकात, प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करताना. एकदाच. आमच्या इमारतीची चिप बनवली तेव्हा मी बॅटरीपुढे शून्य लिहिले होते. म्हणजे त्या ओळी चिपमध्ये गेल्याच नाहीत. आता दहा बॅटऱ्या जोडल्या तरी त्या कुठून येणार?

मेकॅनिकला सांगितले. "म्हणजे तुम्ही आधीच ठरवून मोकळे," म्हणाला.

६ फेब्रुवारी

शून्याच्या जागी एक लिहिले. गाळलेल्या ओळी आत आल्या, मधले अंतर वाढले, आणि एक जुनी छोटी उडी – 'अमुक ओळीवर जा' ही आज्ञा, थोड्याच अंतरापुरती चालणारी – पलीकडे पोहोचेना. असेंबलरने तक्रार केली. डोळे दुखतात. उद्या.

७ फेब्रुवारी

छोटीच्या जागी लांब उडी घातली. मग ओळ न् ओळ पुन्हा तपासली, कारण एक जागा हलली की बाकीच्या हलतात.

मालक मागे येऊन उभे राहिले. "एका जुन्या लिफ्टसाठी चार दिवस? अहो, नवा बोर्ड ठोका आणि सुटा!"

मी पुढची ओळ तपासायला घेतली. नवा बोर्ड यायला पावसाळा उजाडेल, आणि आईचे वय कुणासाठी थांबत नाही.

९ फेब्रुवारी

नवी चिप बसली. मी आत उभा राहिलो, मेकॅनिकने मेन स्विच पाडला. क्षणभर काहीच नाही. मग लिफ्ट हळूच सरकली, दुसऱ्या मजल्यावर टेकली, दार उघडले. मेकॅनिक जिन्यावरून ओरडला, "उठली एकदाची!"

धावत घरी गेलो. आई शेंगा सोलत होती.

"आई, आता लिफ्ट अडकणार नाही. मी स्वतः पाहिलं. चल खाली!"

"छान झालं हो." शेंगा सुरूच.

"मग चल ना."

"आज गुडघा धरलाय रे."

सकाळी नव्हता धरला.

१० फेब्रुवारी

बायकोशी बोललो. म्हटले, आईची भीती काही जात नाही. तिने हातातले काम ठेवले.

"अहो, भीती कसली? त्या दिवशी आईंना आवरलं नाही. कपडे ओले झाले. शेजारी पोस्टमास्तर उभे. अंधार होता म्हणून निभावलं, म्हणतात. खाली बाकावर ते बसलेले असतील, म्हणून त्या उतरत नाहीत."

"दोन वर्षं तुला ठाऊक आहे? मला का नाही सांगितलंस?"

"विचारलंत कधी? तुम्ही थेट दुरुस्तीला लागता. आणि आता तर तुमच्या बॅटरीनं दिवाही चालू राहणार!"

ती हसली. मलाही हसू आले, मग येईना. लिफ्ट नीट असेल तर आई उतरेल – ही अट मीच टेबलावर बसून घातली होती. आईला न विचारता.

फार दमलो आहे.

११ फेब्रुवारी

जिन्यात पोस्टमास्तर भेटले. लिफ्ट चालू असताना जिना! आणि तेव्हा ध्यानात आले – बाकावर ते मला दोन वर्षांत दिसलेले नाहीत.

इकडेतिकडे पाहत हळूच म्हणाले, "तुमच्या आई हल्ली खाली कधी बसतात हो? नाही... त्या वर गेल्या की मी उतरेन म्हणतो."

"का बरं?"

"त्या दिवशी अंधारात माझी जी फजिती झाली... वय, दुसरं काय! त्यांनी कुठे बोभाटा केला नाही, हे त्यांचे उपकार."

त्यांना आमच्या दाराशी आणून थांबवले. आत जाऊन आधी आईला विचारले.

मग दार उघडले.