एका कापडातली आठ डोकी

३ नोव्हेंबर
नाटकात निवड! आमची दिग्दर्शिका वेदिका, वय सव्वीस, हिने मला कोरसमध्ये घेतलं. ऑर्केस्ट्रात बावीस वर्षं कोरसच केला. पण तिथे गायकाचं कडवं संपलं की मागून ध्रुवपद उचलायचं, मधल्या वेळात चहा. नाटकातला कोरस म्हणजे अख्खं गाव. नायकाला प्रश्न विचारतं, दटावतं. प्रमोशनच. बायकोने, अस्मिताने विचारलं, एकट्याचं वाक्य आहे का? मिळेल म्हणालो.

८ नोव्हेंबर
एकट्याचं वाक्य नाही. आठ जणांनी सगळं एकदम बोलायचं. शिवाय दोन तास स्टेजवरून हलायचं नाही. बाथरूमचं विचारलं तर वेदिका म्हणाली, गाव कुठे जातं का काका? उद्या नाटक सोडणार. नक्की.

९ नोव्हेंबर
सोडलं नाही. कॉस्च्युम आला होता. आठ जणांत एकच लांब मांजरपाट, त्याला आठ भोकं. गाव एक आहे हे दिसलं पाहिजे म्हणे. मी डावीकडून तिसरा. शेजारी देवाजी, नरखेडकडचा, मोटरपंप दुरुस्त करतो. आवाजही पंपासारखाच. पलीकडे कौसल्याबाई. बाहेर निघायचं तर सातही जणांना वाकावं लागतं.

१७ नोव्हेंबर
राजीनामा लिहून खिशात ठेवला. खिसा कापडाखाली. हात पोचला नाही.

२१ नोव्हेंबर
शेवटच्या गाण्यात मी फक्त ओठ हलवायचे, असा वेदिकाचा आदेश. माझा आवाज राखून ठेवते आहे, उघड आहे. देवाजी म्हणाला, सर, तुम्ही काहून सगळ्यायच्या आधीच सुटून राहिले? जळतो.

२८ नोव्हेंबर
योजना. नायक मरतो, मग दोन सेकंद शांतता. तेव्हाच एक पाऊल पुढे टाकून आलाप. एकट्याचा. बावीस वर्षांत माझा आवाज एकटा कुणी ऐकला नाही. अस्मितानेही नाही, मी गायला लागलो की ती मिक्सर लावते. एकदा तिने ऐकावं, एवढंच पाहिजे आहे.

४ डिसेंबर, स्पर्धेचा प्रयोग
शांतता आली. पाऊल टाकलं. कापड ताणलं. देवाजी आला, कौसल्याबाई आल्या, बाकीचे पाचही ओढत आले. तोंड उघडलं, पण भोकाची कड गळ्याला आवळली. आवाज फुटेना. मी अडकलो असं वाटून देवाजीने गाणं उचललं.

५ डिसेंबर
प्राथमिक फेरीत दुसरं बक्षीस. परीक्षक म्हणाले, अख्खं गाव न बोलता एक पाऊल पुढे येतं, तो क्षण अंगावर येतो. वेदिकाने पाऊल कायम केलं. अंतिम फेरी जानेवारीत. राजीनामा फाडला.

अस्मिताने विचारलं, तुम्ही त्यातले कोणते होते? डावीकडून तिसरा म्हणालो. तिचा चेहराच उजळला. म्हणाली, म्हणजे शेवटी तो मोठा आवाज लागला, तो तुमचा? घरी कधी कळलंच नाही हो मला.

तो देवाजीचा होता. मी हो म्हणालो. जानेवारीत ती बहिणीलाही आणणार आहे.