उज्वला उपवनाचं काम

३ एप्रिल
आजपासून रोज नोंद ठेवायची. फक्त कामाची. घरचं काही लिहायचं नाही. उज्वला गेली त्याला आता वर्ष होत आलं. मी सावरलो आहे. त्यावर लिहिण्यासारखं काही उरलेलं नाही.

आज डायरेक्टर अनिल सरांनी केबिनमध्ये बोलावलं. आमच्या बिझनेस स्कूलने वेबसाइटवर 'सस्टेनेबिलिटीशी आमची बांधिलकी' असं एक पान टाकलं आहे. फोटोतलं जंगल केरळचं आहे. पान खरं आहे का ते बघायला मुंबईहून हरित मानांकन समिती ९ मे रोजी येणार. सर म्हणाले, तुम्ही स्टॅटिस्टिक्स शिकवता, शांत माणूस आहात, ग्रीन को-ऑर्डिनेटर तुम्हीच व्हा. शांत असण्याचा झाडांशी काय संबंध, कळलं नाही. हो म्हणालो.

मागच्या पावसाळ्यात विद्यार्थ्यांनी कॅम्पसच्या मागच्या उतारावर तीनशे रोपं लावली होती. समितीला तीच दाखवायची. मी विचारलं, मानांकन मिळालं तर त्या जागेला नाव देता येईल का? कुणाचं, म्हणाले. सांगितलं.  सर म्हणाले, आधी ग्रेड आणा, बोर्ड तुमचा.

'उज्वला उपवन.' यात भावनेचा भाग नाही. नाव असलेल्या जागेची लोक काळजी घेतात, एवढंच. ब्रँडिंग.

४ एप्रिल, सकाळी
उताराची पाहणी केली. रोपांचे तीन गट पाडले: जगलेली, झोपलेली, निरीक्षणाखालची. झोपलेली बरीच आहेत. उन्हाळ्यात झाडं विश्रांती घेतात. 'मेलेली' असा गट केलेला नाही. माहिती अपुरी असताना निष्कर्ष काढू नये, हे मी पहिल्या वर्षाच्या वर्गाला दरवर्षी सांगतो.

८ एप्रिल
बोअर आटली. टँकर येतो तो हॉस्टेलला पुरत नाही. सरांना म्हटलं, समितीपुरतं तरी उताराला पाणी द्या. म्हणाले, मुलं अंघोळीवाचून बसली तर तेही सस्टेनेबल दिसणार नाही.

घरचे दोन कॅन स्कूटरवरून आणायला सुरुवात केली. महाडहून इथपर्यंत निम्मं पाणी सांडतं. उरलेलं जगलेल्यांना.

उताराला लागून महिपत आणि रंगूबाई या नवरा-बायकोचं शेत आहे. दोघं बांधावर उभे राहून माझ्याकडे बघत होते. रंगूबाई म्हणाल्या, "सर, झाडांना पानी घालताव, सोताला जेवन घालताव का?" मी हसलो. महिपत म्हणाले, "गप गो. मास्तरमानूस हाय, इचार करून करत असंल."

हेच मला लोकांकडून हवं आहे. विश्वास.

११ एप्रिल
कल्याणहून प्रियदर्शिनीचा फोन. म्हणाली, बाबा, कॉलेजला सुट्टी लागली की इकडेच राहायला या. म्हटलं, समिती आहे. म्हणाली, समितीनंतर या. म्हटलं, समितीनंतर उपवनाचा मेंटेनन्स आहे. मग विचारलं, आईचं कपाट आवरलंत का? म्हटलं, हा विषय अजेंड्यावर नाही. लेक फोनवर हसली की काय झालं, कळलं नाही.

निश्चय: रविवारी कपाट आवरायचं.

१४ एप्रिल
जयंती. मिरवणुकीला गेलो नाही, पाणी घालायचं होतं. सगळे विचारत होते म्हणे, सर कुठे आहेत, वहिनी गेल्यापासून दिसतच नाहीत. लोकांना नियोजन म्हणजे काय ते कळत नाही.

कपाट राहिलं. रविवारी स्कूटर पंक्चर होती.

१९ एप्रिल
यूट्यूबवर उपाय सापडला. मल्चिंग. जमिनीवर सेंद्रिय थर द्यायचा, म्हणजे ओलावा टिकतो. कॅम्पसवर वाळलेल्या पाल्याचे ढीग आहेत. उद्यापासून काम सुरू. आता काळजीचं कारण नाही.

२३ एप्रिल
खाली शेणाचा थर, त्यावर पाला, त्यावर वाळलेलं गवत, उडू नये म्हणून वर थोडी माती. आधी रोपांभोवतीच घालणार होतो, पण पुष्कळ ठिकाणी रोप नक्की कुठे आहे ते दिसेना. म्हणून पूर्ण उतारावरच पसरलं. झोपलेल्यांना पांघरूण.

महिपत बघायला आले. मी त्यांना मल्चिंगची तांत्रिक माहिती दिली. ते म्हणाले, "सर, आमी बी असंच रचताव. पन माती जरा जास्त लागंल." आणि स्वतः घमेलं घेऊन माती टाकायला लागले. रंगूबाईंनी दोन पाट्या शेण आणून दिलं. मी नको म्हणत होतो. त्या म्हणाल्या, "र्‍हाऊ द्या वो. एकटं मानूस, कुटं कुटं पुरं पडनार."

अहवालात लिहिलं: स्थानिक समुदायाचा उत्स्फूर्त सहभाग.

२९ एप्रिल
नवा धोका. आसपासची शेतं काळी पडत चालली आहेत. नाचणीची रोपं करण्याआधी इथले लोक जमीन भाजतात. राब म्हणतात त्याला. पोलादपूरपर्यंत जिकडे तिकडे धुराच्या रेघा दिसतात. आणि आमच्या धोरणात, पान चारवर, 'धूरमुक्त परिसर' असं छापलं आहे. सर खिडकी बंद करून खोकत म्हणाले, नऊ तारखेला एक रेघ जरी दिसली तर ग्रेड गेली, को-ऑर्डिनेटर कोण आहे इथे?

ग्रेड गेली म्हणजे बोर्ड गेला. झोप नीट लागत नाही. ते उकाड्यामुळे.

२ मे
धुराचा प्रश्न सोडवला. महिपत यांना गाठलं आणि स्पष्ट सांगितलं, तुमच्या पद्धतीला माझा विरोध नाही, पण जे काही जाळायचं असेल ते नऊ तारखेच्या आत जाळून मोकळे व्हा. त्यांनी विचारलं, समदं? म्हटलं, सगळं. गैरसमज नको म्हणून हाताने दाखवलं, त्या टोकापासून या टोकापर्यंत. त्यांनी मान हलवली. "काय काळजी करू नका सर. आठ तारखेला समदं उरकून देतो. तुमी हात लावू नका."

संवादाने प्रश्न सुटतात. मॅनेजमेंटच्या पुस्तकांत हे उगाच नाही लिहिलेलं.

५ मे
बोर्ड रंगवून घेतला. ग्रेड आल्यावर धावपळ नको. पेंटर येसाजी ओळखीचा आहे. त्याने विचारलं, वहिनी गेल्यात, तर नावाआधी 'कालकथित' घालायचं ना? म्हटलं, नको. नुसतं उज्वला.  तो ब्रश धूत बसला.

एक गोष्ट इथे नोंदवतो. उज्वलाला झाडांची आवड होती असं नाही. घरात एक कोरफड होती, तीही तिने पाणी घालून घालून मारली. तिच्या नावाने बाग, हे तिला सांगितलं असतं तर ती खुर्चीत बसून डोळे पुसेपर्यंत हसली असती. पण ब्रँडिंगला आवड लागत नाही.

७ मे
सगळी तयारी झाली. उतार एकसारखा, नीटनेटका दिसतो. सर खिडकीतून बघून म्हणाले, झाडं कुठे आहेत? म्हटलं, खाली आहेत. 

जरा छातीत धडधडतं. चहा कमी करायचा.

८ मे
सकाळी स्कूटरवरून येताना वळणावरून धूर दिसला. महिपत शब्दाला जागले, असं वाटलं. खरंच असं वाटलं.

गेटपाशी आलो तेव्हा आमचा उतार पेटलेला होता. भडका नव्हता. वरच्या कडेपासून खाली अगदी शिस्तीत, हळूहळू उतरत येत होता. महिपत काठी घेऊन कडेकडेने फिरत होते, शेतकऱ्याच्या सगळ्या कौशल्याने. मला बघून ओरडले, "बगा सर, कसा एकसारका जळतोय! माजा बी असा जळत नाय!"

 कॅन हातात होते. दोन्ही ओतले. चर्र झालं.

रंगूबाई म्हणाल्या, "अवो, काय करताव? इजंल ना!" मग दोघांनी मिळून सांगितलं. शेण, पाला, गवत, वर माती. असा राब रचलेला त्यांनी बघितला. माणूस एकटा, बाई गेलेली, बिचाऱ्याला नाचणी करायची असेल, पण पेटवायला कुणी नाही. शिवाय मीच सांगितलं होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणून आपला राब ठेवून त्यांनी आधी माझा पेटवला. महिपत म्हणाले, "आता पाऊस पडला की बी टाका. आन पेटवल्याचं काय देऊ नका बरं का."

त्यांचे आभार मानले. दुसरं काय करणार होतो?

झोपलेल्या रोपांबद्दल आता निष्कर्ष काढायला हरकत नाही.

९ मे
समितीत तिघं, त्यांत एक बाई. उतार अजून गरम होता. बाईंनी गॉगल काढून विचारलं, हे काय आहे? मी खरं सांगायला पुढे झालो. सर मध्ये आले, म्हणाले, हे आमचे को-ऑर्डिनेटर, फार कमी बोलतात. मग राखेकडे हात करून म्हणाले, बायोचार, म्हणजे जमिनीचा कस वाढवणारा कोळसा. पारंपरिक, समुदाय-आधारित बायोचार मॉडेल.

बाईंनी चिमूटभर राख बोटांवर चोळून बघितली. महिपत बांधावर उभेच होते. त्यांना विचारलं, ही पद्धत कधीपासून आहे? म्हणाले, "आज्याच्या आज्यापासून." तिघांनी लिहून घेतलं. फोटो काढले. फोटोत मी पण आहे. डोळे लाल दिसतील, धुरामुळे.

१६ मे
'ए' ग्रेड मिळाली. सर्व बाबींपैकी उताराला सर्वाधिक गुण.

सरांनी बोलावलं. चहा मागवला. म्हणाले, चेअरमनसाहेब फार खूश आहेत, जागा आता महत्त्वाची झाली आहे, नाव त्यांच्या आईचं द्यायचं ठरलंय. 'मातोश्री सोनाबाई बायोचार उद्यान.' म्हणाले, तुमचं नाव अहवालात आहेच. मग कपाकडे बघत म्हणाले, बोर्डाचं तुम्हीच बघा, पेंटर तुमच्या ओळखीचा आहे ना?

प्रशासनाच्या दृष्टीने योग्य निर्णय. मला काही वाटलेलं नाही. चहा चांगला होता.

१९ मे
येसाजी नवा पत्रा घेऊ म्हणत होता. म्हटलं, कशाला, आहे त्यावरच मार. त्याने पांढरा रंग दिला. एका हातात जुनं नाव झाकलं गेलं नाही. दुसरा दिला. तो म्हणाला, सर, तुम्ही घरी जा, मी बसवतो. थांबलो. बोर्ड नीट बसला. सरळ आहे.

संध्याकाळी प्रियदर्शिनीचा फोन. समितीचं काय झालं, विचारलं. म्हटलं, ए ग्रेड. म्हणाली, वा! म्हटलं, रोपं जळाली. पुढे बोलता येईना.  ती म्हणाली, बाबा, असं काय करता, रोपं काय, परत लावता येतील.

हो म्हणालो.

रोपांचं मला काहीच वाटत नव्हतं.